जुनी रोड सायकल: फ्रेंच घ्यावी की जपानी?

जुनी रोड सायकल शोधायला निघालेला माणूस फिरून फिरून बहुधा दोनच फ्रेमींपाशी येतो: सत्तरच्या दशकातली फ्रेंच, नाहीतर ऐंशीच्या दशकातली जपानी. दोन्ही मी स्वतः उघडल्या, गंज काढला, पुन्हा बांधल्या आणि भरपूर चालवल्या. तुम्ही आत्ता त्याच पेचात असाल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

दिसायला फ्रेंच सायकल उजवी, यात मला शंका नाही. लगची (फ्रेमच्या नळ्या जोडणाऱ्या बाहीची) निमुळती घासलेली टोकं, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा अगदी खाली जाऊन पुढे वळणारा बाक, मडगार्डसाठी सोडलेली ऐसपैस जागा. चालवायलाही मला ती मऊ वाटली. त्याच खडबडीत रस्त्यावर, तेच टायर आणि तीच हवा ठेवून दोन्ही फिरवल्या, तेव्हा फ्रेंच सायकलने धक्के जास्त पोटात घातले. हे मोजून दाखवता येणार नाही, पण मनगटांना कळत होतं.

जपानी फ्रेम त्या मानाने अबोल. पण जोड निरखून पाहिले की हात किती सराईत होता ते लक्षात येतं. नळीवरच्या स्टिकरवरून मात्र निवड करू नका. रेनॉल्ड्स ५३१ या नळीचं नाव १९३५ पासूनचं आणि मानाचं, तरी टँगे किंवा इशिवाता या जपानी कंपन्यांच्या चांगल्या क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम स्टीलच्या) नळ्यांपुढे चढावर मला कधी फरक जाणवला नाही.

माझा निर्णय झाला तो ०.२ मिलिमीटरवर.

फ्रेंच सायकल मी आधी घेतली होती, हिरवी. सीटची उंची जमली, पण हँडल लांब पडत होतं. तासाभरात मान आणि खांदे भरून यायचे. उपाय साधा होता: स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा भाग, ११० मिलिमीटर लांबीचा काढून ८० चा लावायचा. नवा स्टेम आणला आणि तो चिमट्याच्या नळीत शिरेचना. फ्रेंच स्टेम २२.० मिलिमीटर जाडीचा, बाकी जगाचा २२.२ चा, म्हणजे इंचाच्या हिशोबात सात अष्टमांश. दोन संध्याकाळी पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि आत जाणारा भाग चहूबाजूंनी सारखा उतरवला. स्टेम बसला. मग कळलं की जुनं हँडल २५.० मिलिमीटरचं आहे आणि नव्या स्टेमची पकड २५.४ ची. कितीही आवळलं तरी ब्रेक दाबताना हँडल किंचित फिरायचं. म्हणून हँडलही बदललं. एवढं करून ८० चा स्टेम मला आखूड वाटला, हवा होता ९० चा. पुन्हा पॉलिश पेपर हातात घ्यायची उमेद राहिली नव्हती.

सायकल अंगाला बसवणं ही एका फटक्यात होणारी गोष्ट नाही. सीट चार मिलिमीटर वर, स्टेम एक सेंटीमीटर आखूड, आठवडाभर चालवून पुन्हा बदल, असंच ते चालतं. त्यासाठी सुटे भाग सहज बदलता आले पाहिजेत. जपानी सायकलवर मी एका दुपारी तीन स्टेम लावून पाहिले आणि तिसरा ठेवला. मानदुखी तिथेच थांबली.

बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलचा आस ज्यात फिरतो त्या भागाचीही तीच गत. जपानी फ्रेमचे आटे इंग्लिश मापाचे, १.३७ इंच आणि इंचाला २४, चेनच्या बाजूला उलटे. नवा भाग आजही सहज मिळतो. फ्रेंच माप ३५ बाय १ मिलिमीटर, दोन्हीकडे सरळ आटे. त्यामुळे चेनच्या बाजूचा कप चालवता चालवता सैल होऊ शकतो, तो फार घट्ट आवळावा लागतो. पायडल आणि फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे) जुने फ्रेंच आटेही वेगळे. सीटची नळी २८.० मिलिमीटरची, त्यामुळे २८.६ च्या पट्ट्याचा पुढचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) पातळ पत्रा घातल्याशिवाय धरत नाही.

जपानी सायकल अगदी निर्दोष आहे असं नाही. निर्यातीच्या अनेक सायकलींना २७ इंची चाकं असायची, म्हणजे ६३० मिलिमीटरची रिम. आजची ६२२ ची चाकं लावली की ब्रेकचे रबर ४ मिलिमीटर खाली आणावे लागतात, आणि तेवढा लांब हात प्रत्येक ब्रेकला नसतो. काही फ्रेमींवर हेडसेटची (चिमटा ज्यावर वळतो त्या बेअरिंगची) खालची रिंग २६.४ ऐवजी २७.० ची निघते. मागचं चाक बसायच्या जागेचं अंतर १२६ मिलिमीटर असेल तर १३० चा हब (चाकाचा मधला भाग) दोन्हीकडून थोडं ताणून बसतो, स्टील ते सोसतं.

बघायला जाताना व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) न्या. कोणतीही फ्रेम असो, स्टेम आणि सीटची दांडी हलते का ते आधी पाहा. अल्युमिनियम स्टीलमध्ये धरून बसलं असेल तर बाकी सगळं चांगलं असूनही मी परत फिरेन. विकणारा फ्रेमचं माप, म्हणजे सीटच्या नळीची लांबी, सांगेल तेव्हा ते मध्यापासून मध्यापर्यंत की वरच्या टोकापर्यंत, हे विचारा. त्यात दीडेक सेंटीमीटरचा फरक पडतो. आडव्या नळीची लांबी मात्र स्वतःच मोजा, कारण हँडल किती लांब पडणार ते तिच्यावर ठरतं. १९८० नंतर बऱ्याच फ्रेंच कारखान्यांनी हळूहळू इतरांची मापं घेतली, तशी एखादी फ्रेम सापडली तर दोन्हीकडचं सुख मिळेल.

आणि जुनी फ्रेंच सायकल आहे तशीच, काहीही न बदलता, अंगाला बसत असेल तर खुशाल घ्या. माझी हिरवी मी मूळचा स्टेम आणि हँडल परत लावून धाकट्या भावाला दिली. तो माझ्याहून चार इंच उंच आहे. त्याने फक्त सीट वर केली.