घरच्या चौघांचं एकच मोबाइल कॅलेंडर: गेल्या दिवाळीपासूनचा अनुभव

फोनमध्ये आधीपासूनच असलेलं, फुकटचं कॅलेंडर अ‍ॅप गेल्या दिवाळीपासून आम्ही घरात सामायिक करून वापरतोय. अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन-तीन मोठ्या कंपन्यांची आहेत, सगळ्यांत ही सोय असते आणि खाली लिहिलंय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडेल. 'हे घ्या' म्हणून सांगण्यासारखं यात काही नाही, कारण ते तुमच्या फोनमध्ये आहेच. कसं वापरलं तर उपयोग होतो आणि कुठे ते कुचकामी ठरतं, एवढंच सांगायचंय.

आधी आमचं घर. आम्ही डोंबिवलीला राहतो. मी फोर्टात एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, जाऊन-येऊन तीन तास तरी प्रवासात जातात. नवरा अंबरनाथ एमआयडीसीत, शिफ्ट ड्युटीला. मुलगा पाचवीत. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे, त्यांचा मधुमेह जुना. चौघांची मिळून दवाखाना, शाळा, बँक, सोसायटी अशी कामं निघतच राहतात आणि ती लक्षात ठेवायचं खातं कुणी न देता माझ्याकडे आलेलं. नवऱ्याला काम सांगितलं तर तो करतो, नाही म्हणत नाही. पण सांगायचं मी, आणि सांगितलेलं पुन्हा आठवण करून द्यायचंही मीच.

जोडणी सोपी आहे. 'घर' नावाचं वेगळं कॅलेंडर केलं आणि ते नवऱ्याला 'बदल करू शकतो' अशा परवानगीने जोडलं. इथे 'फक्त पाहू शकतो' असा पर्यायही असतो, तो घेऊ नका. तो घेतला की नोंदी करायचं काम पुन्हा एकाच माणसाच्या गळ्यात. प्रत्येकाला एक रंग दिला: नवरा निळा, मुलगा हिरवा, आई (म्हणजे सासूबाई) केशरी, माझी रजा लाल. स्वतःच्या काही तपासण्या घरात सगळ्यांना दिसायला नको असतील तर त्यासाठी दुसरं, न जोडलेलं कॅलेंडर ठेवता येतं, मी ठेवलंय.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो शिफ्टचा. पहिली सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी रात्री अकरा ते सात, आणि दर आठवड्याला बदल. 'दर तीन आठवड्यांनी' अशी पुनरावृत्ती देऊन तीन नोंदी केल्या आणि वर्षभराच्या शिफ्टा समोर आल्या. मधे कुणाचा रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आला नाही किंवा सुट्टीमुळे फिरवाफिरव झाली तर ती नोंद हाताने बदलावी लागते. त्या वेळी अ‍ॅप विचारतं, फक्त हीच बदलायची की यापुढच्या सगळ्या? तिथे घाई करू नका, नाहीतर पुढचं सगळं चक्र सरकतं.

दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात नवऱ्याची सकाळ मोकळी असते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मे महिन्यातल्या कोणत्या आठवड्यात दुसरी शिफ्ट आहे, हे मार्चमध्ये रिसेप्शनवरच्या मुलीशी फोनवर बोलताना पटकन सांगता येत नसे. मग तोंडातून निघायचं, "मीच घेऊन येते, शनिवारची द्या." आता फोन कानाला असतानाच स्पीकर लावून बघते आणि निळ्या रंगाची सकाळ बघून तारीख घेते. शाळेची पालकसभा, मुलाचा दातांचा डॉक्टर, आईंचे डोळे यांतलं बरंच काम अशा रीतीने नवऱ्याकडे गेलं. भांडण नाही, चर्चा नाही. सकाळ मोकळी दिसते आहे म्हटल्यावर तो तरी काय बोलणार!

याचा थेट परिणाम माझ्या रजेवर झाला. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा (सीएल) आहेत. त्या तिमाहीच्या हिशेबाने जमा होतात आणि वर्षअखेर उरल्या तर बुडतात. आमच्या ऑफिसात मिळतात त्या तेवढ्याच. म्हणजे तिमाहीला दोन सीएल, त्यातून मार्चअखेरीला अकाउंट्सवाल्यांनी रजेचा विषयच काढायचा नाही. पूर्वी या दोन रजा दवाखान्यातच संपत आणि घरी लग्नकार्य निघालं की बिनपगारी. यंदा एप्रिल ते जूनमधली एक सीएल मी चक्क माझ्यासाठी घेतली. कुठेही गेले नाही, दुपारी झोपले.

आता दवाखान्याच्या अपॉइंटमेंटकडे येते, कारण अ‍ॅप खरं तिथेच कमी पडतं. अ‍ॅपच्या हिशेबी अपॉइंटमेंट म्हणजे एक तास. नवी नोंद केली की आपोआप तासाभराचा चौकोन तयार होतो. प्रत्यक्षात आईंच्या साखरेच्या तपासणीचं उदाहरण घ्या. उपाशीपोटीच्या रक्तासाठी किमान आठ तास पोटात काही नको. दुसरं रक्त, ज्याला सगळे पीपी म्हणतात, ते खायला सुरुवात केल्यापासून बरोबर दोन तासांनी. खाऊन झाल्यापासून नव्हे. लॅबमधली मुलगी हे दर वेळी बजावते आणि बाकड्यावरचं कुणीतरी दर वेळी तिच्याशी वाद घालतं. म्हणजे सव्वासातला पहिलं रक्त, घरी येऊन आठला पोहे, दहाला पुन्हा लॅब. पंधरा मिनिटांच्या कामाला सकाळचे तीन तास. त्यात आई हळू खातात, गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच द्यायची आणि मधल्या वेळात त्यांना चहाची तल्लफ येते ती वेगळीच.

मी आता ही एक तपासणी चार नोंदींत टाकते. आदल्या रात्री नऊला 'आई, आता काही खायचं नाही', सकाळी सव्वासातला लॅब, आठला 'पोहे सुरू', दहाला 'पीपी'. चारही नोंदींना गजर. 'पोहे सुरू'चा गजर वाजला की मुलगा ओरडतो, "आजी, स्टार्ट!" आणि आई म्हणतात, "अरे मेल्या, शर्यत आहे का?" तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी मात्र सुटसुटीत. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या काळातली साखर त्यांच्यावर चिकटलेली सापडते, म्हणून ती तीनेक महिन्यांनी करायची आणि त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. 'दर तीन महिन्यांनी' ही पुनरावृत्ती इथे चपखल बसते.

डोळ्यांचंही असंच. मधुमेह असला की पडद्याची तपासणी वर्षातून एकदा तरी करायला सांगतात. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. थेंब मुरायला वेळ, मग तपासणी, आणि नंतर काही तास समोरचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. एकटं माणूस पाठवायची सोय नाही. म्हणून मी नोंदीच्या नावातच 'सोबत कोण' ते लिहिते: 'आई डोळे, सोबत बाबा, रिक्षाने' (बाबा म्हणजे मुलाचे बाबा, माझा नवरा). नाव नसलेली नोंद म्हणजे ते काम शेवटी माझंच, हे पहिल्या महिन्यातच दिसून आलं होतं. खालच्या टिपणाच्या जागेत फाइल नंबर, मागचे रिपोर्ट कुठे ठेवलेत आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. ही टिपणाची जागा फारशी कुणी वापरत नाही, पण नवरा घेऊन जाणार असेल तर तिचा उपयोग नोंदीपेक्षा जास्त.

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे तर वेळ मिळतच नाही, नंबर लावावा लागतो. सकाळी नऊ वाजता फोन करायचा, "संध्याकाळी सात ते दहा, नंबर येईल तसं," असं उत्तर. सकाळी नऊला मी लेडीज डब्यात दोन पर्सच्या मधे अडकलेली असते, हात वर काढायची सोय नाही. म्हणून 'नंबर लावणे' हीच वेगळी नोंद आणि ती घरी असेल त्याच्या नावावर. संध्याकाळचा तीन तासांचा पट्टा मात्र कॅलेंडरमध्ये नुसता भरलेला दिसतो. त्यात कधी पंधरा मिनिटं लागतात, कधी सगळा लागतो. यावर अ‍ॅपकडे उपाय नाही.

गजरांबद्दल एक तांत्रिक गोष्ट. मी लावलेला गजर नवऱ्याच्या फोनवर आपोआप वाजत नव्हता. सामायिक कॅलेंडरच्या सूचना प्रत्येकाला आपापल्या फोनवर ठरवाव्या लागतात. त्यानंतरही त्याच्याकडे सूचना उशिरा यायच्या. शोधल्यावर कळलं, फोनची बॅटरी बचत अ‍ॅपला मागे झोपवून ठेवत होती. सेटिंगमध्ये बॅटरीच्या भागात जाऊन या अ‍ॅपवरचं बंधन काढलं, मग नीट चाललं. आधीपासून ठरलेला तीस मिनिटांचा गजर काही कामाचा नाही. तीस मिनिटं आधी कळून मी फोर्टातून काय करणार? आदल्या रात्री नऊचा एक आणि दोन तास आधीचा एक, असे दोन ठेवा.

ऑफिसचं कॅलेंडर याला जोडू देत नाहीत, सुरक्षेचं कारण सांगतात. तिथे मी नुसतं 'व्यस्त' असं टाकून जागा अडवते. कारण लिहीत नाही. लिहिलं की लोक सुचवायला लागतात, "मिटिंगनंतर जाता येईल ना?"

लांबच्या नोंदींसाठी मात्र हे अ‍ॅप सोन्यासारखं आहे. मुलगा पंधरा वर्षांचा झाला की आधारचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तो गजर आत्ताच लावून टाकला. गाडीची पीयूसी आणि विमा, गॅसची पाच वर्षांनी बदलायची रबरी नळी, आईंच्या फॅमिली पेन्शनसाठी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, सगळं बसवलंय. दाखल्याची डिजिटल सोय २०१४पासून आहे, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. गेल्या नोव्हेंबरात नवऱ्याने आईंना खिडकीपाशी उजेडात बसवून घरीच उरकला. पापण्या मिटा-उघडा म्हटल्यावर आईंनी देवाला जोडावेत तसे हातही जोडले.

आता अ‍ॅपला अजिबात न जमणारी गोष्ट: तिथी. सासऱ्यांचं श्राद्ध वैशाख वद्यात येतं. 'दरवर्षी याच तारखेला' असं टाकलं तर ते चुकीच्या दिवशी येणार, कारण चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. तिथी दर साली दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी मारते. यंदा, २०२६ला, अधिक ज्येष्ठ आला. वैशाख त्याच्या आधीचा, म्हणून श्राद्ध यंदाही मागेच सरकलं, उडी पुढच्या वर्षी. गणपती मात्र याच वर्षी लांबले: २०२५ला २७ ऑगस्टला होते, यंदा १४ सप्टेंबरला. पंचांगाचं तयार कॅलेंडर जोडून पाहिलं, तर ते उत्तरेकडचं निघालं. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे आपला वैशाख वद्य त्यात ज्येष्ठ कृष्ण म्हणून दिसतो. दिवस तोच, पण आई बघून म्हणाल्या, "हे कुणाचं पंचांग?" आणि विषय संपला.

त्यामुळे स्वयंपाकघरातलं कालनिर्णय जागचं हललेलं नाही, हलणारही नाही. संकष्टीचा गावोगावचा चंद्रोदय त्यावर एका नजरेत मिळतो. दुधाचे आणि कामवाल्या मावशींचे खाडे, सिलिंडर कधी लावला, हे सगळं त्यावरच पेनने. सिलिंडरची तारीख मी मोबाइलवर टाकून पाहिली, पण हात ओले असताना फोन कोण उघडणार? नव्या वर्षाचं कालनिर्णय आलं की एक संध्याकाळ आईंच्या शेजारी बसून श्राद्ध, संकष्ट्या, तिथीने येणारे वाढदिवस त्यांनी वाचायचे आणि मी मोबाइलवर घालायचे, असं गेल्या डिसेंबरात सुरू केलं. उलट दिशेने, रोज रात्री जेवताना मुलगा उद्याच्या नोंदी मोठ्याने वाचतो, कारण आई मोबाइल बघत नाहीत. त्यात आपलं नाव नसलं की त्या जरा नाराज होतात.

पाचपैकी साडेतीन तारे देईन. घरात दोघंही नियमित ऑफिसच्या वेळात असतील आणि मुलं मोठी असतील तर भिंतीवरच्या कॅलेंडरने भागेल, उगाच चार गजर वाढवू नका. शिफ्ट ड्युटी असेल, घरात वयस्कर माणूस असेल आणि रजा मोजक्या असतील तर मात्र एक रविवार काढून हे बसवाच. दुसऱ्या माणसालाही नोंदी करायची सवय लागायला वेळ लागतो. आमच्याकडे नवऱ्याने स्वतःहून पहिली नोंद केली ती क्रिकेटच्या मॅचची, पण केली. गणेश चतुर्थी यंदा सोमवारी येते आणि त्या आठवड्यात त्याची पहिली शिफ्ट दिसते आहे. सोमवारी कोण शिफ्ट बदलून देतं का, हे त्याने आत्ताच दोघांना विचारून ठेवलंय.