व्हेंटिलेटरवरचे बाळ: घाटापलीकडे न्यावे, मुदत ठरवावी की कुशीत घ्यावे?

सातव्या महिन्यातच आलेले किंवा जन्मताच न रडलेले बाळ अत्यवस्थ होते, तेव्हा रत्नागिरीत काय किंवा सिंधुदुर्गातल्या ओरोसला काय, नातलगांपुढे प्रश्न ‘उपचार चालू ठेवायचे की थांबायचे’ असाच येतो. ही मांडणी अपुरी आहे, कारण वाटा तीन आहेत आणि मधली वाट पुष्कळदा कोणी सांगतच नाही.

पहिली वाट सर्व उपचार करण्याची, म्हणजे बहुधा कोल्हापूर, गोव्यातले बांबोळी किंवा मुंबई इथले मोठे रुग्णालय गाठण्याची. फुप्फुसे कच्ची असणे हेच मुख्य दुखणे असेल, तर सर्फॅक्टंट (फुप्फुसे उघडी ठेवणारे औषध) आणि श्वासाचा आधार यांनी सावरणारी बाळे पुष्कळ असतात, आणि तेथे ही वाट उजवी ठरते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूला जन्मावेळी प्राणवायू कमी पडला असेल, तर नियंत्रित शीतोपचार (बाळाचे शरीर ठरावीक तापमानापर्यंत थंड ठेवणे) जन्मानंतर 6 तासांच्या आत सुरू करून 72 तास द्यावा लागतो. त्यामुळे पावसाळ्यातल्या आंबा किंवा करूळ घाटाचा वेळ हा उपचाराच्याच हिशेबात धरावा. कच्च्या बाळाला वाटेत ऊब, साखर आणि श्वास तिन्ही सांभाळणारी रुग्णवाहिका मिळणार नसेल, तर ‘मोठ्या दवाखान्यात नेले’ या समाधानाला फारसा अर्थ उरत नाही.

या वाटेची एक किंमत बिलात दिसत नाही. सिझेरियन झालेली आई अलीकडे राहते, बाळ पलीकडे जाते, बाप मुंबईहून गाडी पकडून निघालेला असतो, आणि कागदावर सही करतो तो काका किंवा मामा. आईला बाळाबरोबर हलवता येईल का, हे म्हणूनच निघण्यापूर्वी विचारावे. निर्णय फोनवर घ्यावा लागला, तरी तो तिला वगळून घेऊ नये.

दुसरी वाट मुदतीच्या प्रयत्नाची. उपचार पूर्ण द्यायचे, पण किती दिवसांनी, कोणत्या तपासण्या पाहून पुन्हा बसायचे, हे आधीच ठरवायचे. मेंदूच्या इजेत पहिल्या दिवशीचा अंदाज कच्चा असतो. झटके, मेंदूचा आलेख आणि काही दिवसांनी केलेला एमआरआय यांतून चित्र स्पष्ट होत जाते. ‘एकदा श्वासाची नळी घातली की काढता येत नाही’ या धास्तीने काही घरे नळीच नाकारतात. वैद्यकीय नीतीत मात्र उपचार सुरू न करणे आणि निरुपयोगी ठरल्यावर काढून घेणे समान मानले जाते, मनाला ते कितीही वेगळे वाटो. निदान अनिश्चित असेल, तर माझा कल स्पष्टपणे या वाटेकडे आहे.

तिसरी वाट सांत्वन उपचारांची, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी बाळाचा त्रास कमी करण्याची. जगणे शक्य नाही असा जन्मजात दोष, किंवा उपचार करूनही एकेक अवयव निकामी होत जाणे, अशा वेळी ती विचारात घ्यावी. तिची तुलना ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो’ असे लिहून देण्याशी करू नये. तेथे नळी निघते, पण वेदनाशमन, धाप कमी करणारे औषध आणि सोबत यांपैकी काहीच मिळत नाही. सांत्वन उपचारात बाळ काचेच्या पेटीतून आईच्या छातीवर येते, ओठांना चिकाचा थेंब लावता येतो, आणि बाराव्या दिवसाची वाट न पाहता नावही ठेवता येते. सुवेराचा हिशेब मांडणाऱ्या वडीलधाऱ्यांना त्या दिवशी बाहेरच बसवावे.

कायद्याची बाजूही पाहावी. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये घालून दिलेली आणि जानेवारी 2023 मध्ये सुटसुटीत केलेली पद्धत स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णांसाठीही आहे: जवळच्यांची संमती, दोन वैद्यकीय मंडळांचा अभिप्राय आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणे. एकट्या डॉक्टरच्या किंवा एकट्या बापाच्या शब्दावर जीवरक्षक आधार निघत नाही. पैशाचे म्हणाल, तर सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्या बाळाचे उपचार आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. कर्ज काढण्याआधी तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे.

डॉक्टरांना ‘वाचेल का?’ एवढेच विचारले, तर उत्तर टक्क्यांत येते. ‘वाचले तर गिळेल का, पाहील का, आणि तोवर त्याला किती दुखेल?’ असे विचारावे, आणि उत्तर ऐकताना आई समोर किंवा फोनवर असावी.