कलम्याच्या सच्चेपणावरील अभ्यासक्रम: व्याख्याने भक्कम, चाचणी अनाठायी

‘ला इलाह इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह’ हा कलमा, म्हणजे ‘अल्लाहशिवाय कोणी ईश्वर नाही, मुहम्मद अल्लाहचे रसूल (प्रेषित) आहेत’ ही साक्ष, मनापासून दिली जाते म्हणजे नेमके काय होते, या एकाच प्रश्नाला वाहिलेला ध्वनिमुद्रित व्याख्यानांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्याची मांडणी कलम्याच्या प्रसिद्ध सात अटींवर, म्हणजे इल्म (ज्ञान), यकीन (खात्री), कबूल (स्वीकार), इन्कियाद (आज्ञापालन), सिद्क (सच्चेपणा), इख्लास (निर्मळ हेतू) आणि महब्बत (प्रेम) यांवर, बेतलेली आहे. या अटींची यादी कोणत्याही एका हदीसमध्ये (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदीत) आलेली नसून कुरआन आणि हदीसमधील विखुरलेल्या वचनांवरून उलेमांनी (धर्मपंडितांनी) ती सिद्ध केली आहे, हे व्याख्याते सुरुवातीलाच सांगतात, आणि हा प्रामाणिकपणा मला आवडला. जन्नतची किल्ली कलमा असली, तरी दात नसलेल्या किल्लीने दार उघडत नाही, हे आरंभीच्या काळातील विद्वान वहब बिन मुनब्बिह यांचे, सहीह बुखारी या हदीससंग्रहात नोंदलेले उत्तर त्यांनी प्रस्तावनेसाठी निवडले आहे.

इल्म आणि यकीनवरील व्याख्याने ठीक आहेत. प्राथमिक वाचन असलेल्या श्रोत्याला त्यांत नवे फारसे मिळणार नाही. अभ्यासक्रमाचा खरा कस लागतो तो सिद्क आणि इख्लास यांच्यातील भेद उलगडताना. इख्लास नसेल तर साक्षीत शिर्क (अल्लाहच्या जोडीला इतर कोणी मानणे) किंवा दिखावा शिरतो आणि सिद्क नसेल तर निफाक (श्रद्धेचे ढोंग), हे सूत्र सांगून व्याख्याते कुरआनमधील सूरह (अध्याय) मुनाफिकूनच्या पहिल्या आयतीवर (वचनावर) बराच वेळ थांबतात, आणि ते योग्यच आहे. मुनाफिक (श्रद्धेचे ढोंग करणारे) पैगंबरांसमोर येऊन ‘आपण अल्लाहचे रसूल आहात, अशी आम्ही साक्ष देतो’ असे म्हणतात. विधान अक्षरशः खरे आहे, तरीही अल्लाह त्यांना खोटे ठरवतो, कारण साक्ष देणारा घटितासोबत स्वतःच्या खात्रीचीही ग्वाही देत असतो आणि ती खात्रीच त्यांच्यापाशी नसते. हा मुद्दा इतक्या स्वच्छपणे मांडलेला मी क्वचितच ऐकला आहे. लगेच पुढे सूरह हुजुरातची चौदावी आयत येते, जिच्यात ‘आम्ही इमान (श्रद्धा) आणले’ म्हणणाऱ्या भटक्या अरबांना, इमान अजून तुमच्या हृदयांत उतरलेले नाही, तेव्हा ‘आम्ही शरण आलो’ एवढेच म्हणा, असे सांगितले जाते. अनेक भाष्यकार या लोकांना मुनाफिक मानत नाहीत, त्यामुळे कच्चे इमान आणि ढोंग यांतली रेषा श्रोत्याच्या नीट लक्षात येते; स्वतःविषयी उगाच घाबरून जाणाऱ्यांना हा भाग विशेष उपयोगी पडेल.

पैगंबरांचे सहचर उसामा बिन झैद यांचा, सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातील प्रसंगही येथे पूर्ण सांगितला आहे. तलवार उगारलेली पाहून कलमा म्हणणाऱ्याला त्यांनी ठार केले आणि तो केवळ भीतीने बोलला असे कारण दिले, तेव्हा पैगंबरांनी विचारले, ‘तू त्याचे हृदय चिरून पाहिलेस का?’ जगात निर्णय उच्चारलेल्या शब्दावर होतो आणि अंतःकरणाचा हिशेब अल्लाहकडे राहतो, हा निष्कर्ष व्याख्याते निःसंदिग्धपणे काढतात.

म्हणूनच शेवटची चाचणी मला अत्यंत खटकली. ‘तुमचा इख्लास किती?’ अशा मथळ्याखाली प्रश्नांची उत्तरे घेऊन गुण दिले जातात आणि ते गुण इतरांना पाठवण्याची सोयही आहे. दिखाव्यापासून सावध करणाऱ्या अभ्यासक्रमाने इख्लासचे गुणपत्रक मिरवायला द्यावे, हे त्याच्याच शिकवणुकीशी विसंगत आहे. आयोजकांनी ती चाचणी काढून तेथे अबू हनीफा आणि शाफई या धर्मशास्त्रकारांमधील, कर्म हा इमानच्या व्याख्येचाच भाग आहे की नाही, या मतभेदावर एखादे व्याख्यान घालावे, कारण सध्या त्याचा उल्लेख दोन वाक्यांत आटोपला आहे.

अरबी उच्चार स्पष्ट आहेत आणि ध्वनिमुद्रणही निर्दोष आहे. आयतींचे क्रमांक मात्र सर्वत्र दिलेले नसल्याने ऐकताना कुरआनची प्रत जवळ ठेवावी लागते. सिद्क आणि इख्लासची व्याख्याने स्वतंत्रपणे ऐकता येतात. वेळ कमी असणाऱ्यांनी तेवढी ऐकली तरी चालेल.