वाड्याची किल्ली त्याच्याकडे होती

आमचे ३३,५०० रुपये गेले. लाइटचं आणि गाडीचं भाडं धरलं तर आकडा साठ हजारांच्या घरात जातो. आम्ही पुण्यात मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला, सात जणांचा ग्रुप, आणि असाइनमेंट होती दोन मिनिटांचा थ्रिलर ट्रेलर. अख्खा सिनेमा नाही, नुसता ट्रेलर. त्यासाठी एवढा खर्च कशाला, हे घरच्यांनी विचारून झालंय, सरांनीही विचारून झालंय, तेव्हा तुम्ही विचारू नका. प्रॉडक्शन माझ्याकडे होतं, म्हणजे पैसे माझ्याच फोनवरून गेले, म्हणून हे लिहिणंही माझ्याकडेच आलं.

ट्रेलरमध्ये गोष्ट सांगायला वेळच नसतो. एकेक शॉट दीड-दोन सेकंदांचा. तेवढ्यात भीती वाटायला हवी, म्हणजे निम्मं काम जागेनंच करायचं. आमची गोष्ट होती आजोळचा वाडा विकायला आलेल्या मुलीची. तिला आत कुणीतरी राहत असल्याच्या खुणा सापडत जातात. कॉलेजचं बेसमेंट पार्किंग, हॉस्टेलवरची टाकीची खोली, नदीपात्र, सगळं बघून झालं. आमची दिग्दर्शिका वाड्यावर अडून बसली. पुण्यातल्या पेठांत वाडे उरलेत तिथे भाडेकरू आहेत, आणि भाडेकरू आहेत तिथे ऐन सस्पेन्समध्ये शेजारच्या कुकरची शिट्टी होते. मग वाईकडे बघायचं ठरलं.

वाई म्हटलं की आधी मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, आणि १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर आणलेली ती मोठी घंटा. तिथे शूटिंगची सवय आहे, कुणाला विचारायचं तेही चटकन कळतं. पण तो घाट पडद्यावर इतक्यांदा येऊन गेलाय की बघणारा घाबरायच्या आधी ‘अरे, मेणवली!’ म्हणतो. आम्हाला कुणी न पाहिलेली, ओसाड, कुणाचीच नसल्यासारखी जागा हवी होती. हे वाक्य मी त्या माणसाला जसंच्या तसं पाठवलं होतं. आता वाटतं, आम्हाला कसं फसवायचं ते मीच त्याला लिहून दिलं.

त्याचा नंबर एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून मिळाला. ‘लोकेशन कोऑर्डिनेटर, वाई-पाचगणी-सातारा.’ डीपीला क्रेनवर बसलेला कॅमेरामन. शनिवारी आम्ही चौघं वाईच्या एसटी स्टँडवर उतरलो तर हा आधीच बाइक लावून उभा. पस्तिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. चहाचे पैसे त्यानंच दिले. “ताई, तुमी नुसतं बघून घ्या. पसंत पडलं तर पुढचं बोलू, न्हाईतर वाईचा पेढा खाऊन जावा.”

त्यानं तीन जागा दाखवल्या. पहिली सिमेंटच्या गोण्यांचं गोडाऊन, भिकार. दुसरी पाचगणीच्या रस्त्यावरचा बंगला, सुरेख, दिवसाला चाळीस हजार. आमचे चेहरे पडले, आणि मग तो म्हणाला, “एक हाय आमच्या घरचंच, पण मोडकं हाय, तुमाला चालंल का नाय...” साडीच्या दुकानात जुने सेल्समन अगदी याच क्रमानं घड्या उलगडतात. हे मला परतीच्या एसटीतसुद्धा लक्षात आलं नाही.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण गावाचा यात काही दोष नाही. वाईपासून अर्ध्या तासावर. दगडी जोतं, दिंडी दरवाजा, आत चौक, मोडकं तुळशी वृंदावन, ओसरीचे चार लाकडी खांब आणि माजघरात इतका अंधार की आमच्या कॅमेरावाल्यानं आनंदानं शिवीच दिली. दाराला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्याकडे होती. या एका गोष्टीपुढे आम्ही दुसरं काहीच विचारलं नाही. किल्ली ज्याच्या हातात, घर त्याचं, एवढं आमचं शहरी गणित.

गंजलेल्या कडीला कुलूप मात्र कोरं करकरीत होतं. मी म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, “जुनं गंजलं हुतं, परवाच बदललं.” खरंच परवाच बदललं होतं, फक्त जुनं त्यानं फोडलं होतं. आत गेल्यावर जिन्याची कुठली पायरी हलते ते सांगितलं, वटवाघळं कुठून येतात ते दाखवलं. ओसरीत वर बोट करून म्हणाला, “हितं आज्याचा झोपाळा हुता.” आम्हाला गहिवरून आलं. तुळईला झोपाळ्याच्या कड्या अजून लटकत होत्या. त्या बघून हे वाक्य कुणालाही सुचलं असतं.

लाइट कसा पडतो ते बघायला मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिले आणि कॅमेरावाल्यानं पंधरा-वीस फोटो काढले. चांगले आले. त्या माणसानं मागितले, “आमच्या रेकॉर्डला ऱ्हाऊ द्या.” मी जागेवरच पाठवले.

दोन दिवसांचे तीस हजार सांगितले, अठरावर तुटलं. पाच हजार टोकन तिथेच दिलं. बुधवारी दहा हजार डिपॉझिट मागितलं, परत मिळणारं, ‘मागच्या पोरांनी खांबाला खिळे ठोकले’ म्हणून. मग ग्रामपंचायतीच्या पावतीचे तीन हजार. मग ‘पोलीस परवानगी’चे अडीच. दर वेळी क्यूआर कोड वेगळा, आणि स्कॅन केल्यावर येणारं नावही वेगळं. एकदा तर चक्क कुठल्याशा मोबाइल शॉपीचं. विचारलं तर “माझं लिमिट संपलंय, मित्राचा हाय.” रक्कम टाकून पिन मारायच्या आधी ते नाव पडद्यावर येतंच. मी ते तिन्ही वेळा वाचलं आणि पिन मारला.

आमच्यातला एक जण जरा संशयी. त्यानं कागद मागितले. त्या माणसानं कुरकुर न करता दोन कागद पाठवले, सातबारा आणि ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र. सातबारा डिजिटल सहीचा, खरा. पंधरा रुपये भरले की कुणालाही कुठल्याही गटाचा ऑनलाइन मिळतो, हे आम्हाला कुठे माहीत! त्यावर त्याच्या आडनावाचा कुणीतरी होता. पत्रावर गोल शिक्का, सही. आम्ही दोन्हींची पीडीएफ ड्राइव्हवर ‘परमिशन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि स्वतःवर खूश झालो.

शूटिंग शुक्रवार-शनिवार. गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. घरात मयत झालीय, स्वतः येऊ शकत नाही, पोराच्या हाती किल्ली पाठवतो, पण उरलेले तेरा हजार आत्ता टाका, चुलते ऐकत नाहीत. मयतीच्या घराशी घासाघीस कोण करणार? टाकले.

सकाळी साडेसहाला बारा-तेरा वर्षांच्या एका मुलानं रस्त्यातच किल्ली हातात दिली आणि सायकलवर निघून गेला. कुलूप उघडलं. आम्ही लाइट लावले आणि दोन शॉट घेतलेसुद्धा. तिसऱ्यात आमची नायिका माजघराच्या उंबऱ्यावर थबकून म्हणते, “कोण आहे?” तेवढ्यात मागून खरंच आवाज आला, “तुमी कोन हाय?”

समोरच्या घरातल्या आजी होत्या. हातात काठी, ती टेकायची की मारायची याचा पत्ता लागेना. मी पुढे होऊन ताईगिरी करत सगळं सांगितलं, पत्र दाखवलं. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. “ह्या म्हयन्यात तुमी तिसरी. मागं लग्नाच्या फोटोवाली आली हुती, नवरानवरी घिऊन. तीबी अशीच कागुद दावत हुती.”

पुढच्या तासाभरात कळलं ते असं. वाडा चौघा भाऊबंदांचा. दोन मुंबईला, एक पुण्यात, एक बडोद्याला. वाटणीचा दावा कित्येक वर्षं कोर्टात. कुणी एकानं कौल बदललं तरी दुसरा नोटीस पाठवतो, म्हणून कुणीच काही करत नाही, म्हणून तो पडत चाललाय. आम्हाला ज्या ओसाडपणाची भुरळ पडली तो बेवारसपणाचा नव्हता, मालक जास्त झाल्याचा होता. आजींनी एकाला फोन लावला, त्यानं दुसऱ्याला. पुण्यातले म्हणाले, “आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, नाहीतर पोलिसात देतो.” ते कळल्यावर मुंबईतले एक काका फोनवरून ओरडले, “त्यानं काढा म्हटलं का? मग राहू द्या पोरांना! माझी परवानगी आहे!” घाबरलेल्या अवस्थेतही आमच्या साउंडवाल्याला हसू आवरेना. वकिलांचा सल्ला घेऊन दहा मिनिटांत तेही ‘बाहेर काढा’वर आले. आजींच्या म्हणण्याप्रमाणे कितीतरी वर्षांत त्या चौघांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं. त्या माणसाला त्यांच्यातलं कुणीच ओळखत नव्हतं. त्याचा फोन बंद.

आम्ही सामान आवरून ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांनी पत्र हातातही घेतलं नाही, लांबूनच म्हणाले, “जावक नंबर कुठाय?” नव्हता. तारीख बघायला सांगितली. तो रविवार होता. मग सातबारा बघितला आणि त्यांना हसू फुटलं. “अहो, गावठाणातल्या घराला सातबारा असतो का?”

सात जणांत एकाच्याही घरी शेती नाही, त्यामुळे हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. सातबारा शेतजमिनीचा असतो. नमुना सात म्हणजे कुणाच्या नावावर किती क्षेत्र, नमुना बारा म्हणजे त्यात पीक काय. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये असते, आणि भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका निघते, तिलाच लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून ती दिली जातायत. आमच्याकडचा कागद होता गावाबाहेरच्या एका शेताचा. पिकाच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं, हळद. कागद आम्ही सातही जणांनी उघडला होता. ज्या माजघरात आमची नायिका मरणार होती तिथे सरकारदरबारी हळद लावलेली होती, आणि एकालाही काही खटकलं नाही.

नमुना आठवर सगळ्या भोगवटादारांची नावं असतात. ग्रामसेवक म्हणाले, “आधी फोन केला असता तरी दोन मिनिटांत सांगितलं असतं.” ‘पोलीस परवानगी’बद्दलही कळलं. खासगी घराच्या आत शूटिंग करायला आधी मालकाची लेखी संमती लागते, सह्या सगळ्या मालकांच्या. रस्ता, घाट, धरण अशा सरकारी जागा असतील तर चित्रनगरीवाल्या महामंडळाची एक खिडकी पद्धत आहे, तिथे अर्ज करायचा. यातलं कुठलंच काम कुणा कोऑर्डिनेटरच्या मित्राच्या क्यूआर कोडवर होत नाही.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं, “हे दिवाणी प्रकरण वाटतंय.” संशयी मित्रानं बनावट पत्र पुढे केल्यावर सूर बदलला आणि अर्ज घेतला. तिथल्याच एका मॅडमनी १९३० वर फोन लावायला लावला. ऑनलाइन पैसे गेले की हाच नंबर, आणि जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. आमचं टोकन, डिपॉझिट वगैरे कधीच पुढे गेलं होतं. आदल्या संध्याकाळच्या तेरा हजारांतले चार हजार एका खात्यात गोठवल्याचा मेसेज आला. ते अजून हातात आलेले नाहीत. सकाळी सातला, आजी ओरडल्या त्या क्षणी फोन केला असता तर? आम्ही तो बाराला केला. मधले पाच तास आम्ही त्याचाच बंद फोन लावत होतो, कारण आमच्यातल्या दोघांना अजून वाटत होतं की मयत खरी असेल.

निघताना आजींनी सगळ्यांना पोहे खायला घातले. खाता खाता मी विचारलं, तो माणूस कुलूप बदलत होता तेव्हा तुम्ही बघितलं नाहीत का? “बगितलं की. म्हनला, मालकानं पाठिवलंय.” म्हणजे त्यांनाही किल्ली बघूनच पटलं होतं. पण आम्ही पहिल्या शनिवारी आलो तेव्हा त्या समोरच्या ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या, त्या दिवशी जागा बघताना काढलेल्या एका फोटोत दिसतातसुद्धा. हा वाडा कुणाचा, एवढं त्यांना विचारलं असतं तर चारही मालकांची नावं, कोर्टातली भांडणं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं फुकट मिळालं असतं. तेव्हा आमच्या कॅमेरावाल्याला वाटलं होतं, आजी फ्रेममधून उठल्या तर बरं.

ट्रेलर शेवटी हॉस्टेलवरच्या टाकीच्या खोलीत झाला. बी प्लस मिळाला. सरांचा शेरा, लोकेशनची निवड प्रभावी.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात ज्युनियर बॅचच्या एका मुलीनं मला मेसेज फॉरवर्ड करून विचारलं, “ताई, तुम्ही वाईला गेला होतात ना? हे लोकेशन कसंय? टोकन मागतायत.” नंबर नवा, डीपीचा क्रेनही नवा. खाली वाड्याचे चार फोटो, छान उजेडातले. त्यातल्या दुसऱ्या फोटोत ओसरीच्या खांबाला टेकून उभी असलेली मुलगी मी आहे.