दहा टक्के की सगळ्याच स्लाइड्स?

फोंड्याच्या एका लॅबमधली मैत्रीण विचारत होती: पॅप स्मिअरच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी केलेल्या पेशी-तपासणीच्या) निगेटिव्ह, म्हणजे दोष न आढळलेल्या, स्लाइड्सपैकी १०% पुन्हा नीट तपासू, की सगळ्याच झरझर बघू?

अमेरिकेत प्रयोगशाळांसाठीच्या १९८८च्या कायद्यामुळे १०% ची पद्धत रुळली. ब्रिटनने सगळ्यांची झटपट फेरतपासणी स्वीकारली.

वेळेचा हिशेब मांडू. रोज ५० निगेटिव्ह धरल्या, तर पाच स्लाइड्सना प्रत्येकी सहा मिनिटं, म्हणजे अर्धा तास. सगळ्या मिनिटा-मिनिटाने पाहिल्या तर पन्नास मिनिटं. फरक वीस मिनिटांचा.

पण चुका पकडण्यात मात्र मोठा फरक पडतो. चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाचांत चुकलेली स्लाइड असेलच कशी? उरलेल्या पंचेचाळीस कुणीच उघडत नाही, आणि त्यातली एखादी कुणाच्या तरी आईची असते. झटपट नजरेतून कव्हरस्लिपच्या (स्लाइडवरच्या पातळ काचेच्या) कडेला, रक्ताखाली दडलेल्या, काळपट केंद्रकांच्या चार संशयास्पद पेशी निसटू शकतात, हे खरं. म्हणून दुसऱ्याच व्यक्तीने, ताज्या डोळ्यांनी बघावं.

माणसं दोन असतील तर सगळ्या स्लाइड्स झटपट बघा. नवखी टेक्निशियन शिकत असेल, तर तिच्यासाठी १०% ची सावकाश तपासणी बरी, त्यातही आधीचा रिपोर्ट बिघडलेल्या बायकांच्या स्लाइड्स आधी घ्या.