जपानी शाळेतला सलोखा : नीतीचा तास की रोजची पाळी?

जपानच्या प्राथमिक शाळा मुलांना मिळूनमिसळून वागायला दोन वाटांनी शिकवतात : ‘दोतोकु’ हा नीतिशिक्षणाचा तास आणि ‘तोक्कात्सु’, म्हणजे वर्गाने मिळून चालवायची कामं.

दोतोकु आठवड्यातून एकदा, 45 मिनिटं. 2018 पासून त्याला तपासून मंजूर केलेलं पाठ्यपुस्तक आलं. गुण नाहीत, शिक्षक वर्णनात्मक नोंद करतात. गोष्ट वाचून चर्चा होते. पण कोणतं उत्तर शिक्षकांना आवडेल हे मुलं पटकन ओळखतात, आणि तास तिथेच फसतो.

तोक्कात्सुत बोलून भागत नाही. जेवणाच्या पाळीची मुलं पांढरा अंगरखा, टोपी, मास्क घालून वर्गात भात-सूप वाढतात. सुरुवातीला हात सैल सुटला की शेवटच्यांना सूप कमी पडतं, आणि सगळ्यांची ताटं भरेपर्यंत कुणी घास घेत नाही. शुक्रवारी अंगरखा घरी न्यायचा, धुऊन सोमवारी आणायचा. तो आता दुसऱ्याच मुलाच्या अंगावर जाणार असतो. दुसऱ्याची काळजी घेणं इथे हाताला लागतं, म्हणून माझं झुकतं माप तोक्कात्सुलाच.

धोका तिथेही आहेच. गटाचं काम रेंगाळलं की सगळे संथ मुलावर घसरतात. शाळेत मुलांकडून होणारा मुलांचा छळ रोखण्यासाठी जपानला 2013 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणून पाळ्यांसोबत वर्गसभाही हवी : मुलांनीच चालवलेली, तक्रार उघड मांडता येईल अशी.