आंरी रूसोचं जंगल: आधी काचघर, मग ऑर्से

जंगलाची चित्रं काढणाऱ्या फ्रेंच चित्रकार आंरी रूसोसाठी पॅरिसमध्ये एक दिवस काढायचा असेल तर सोमवार-मंगळवार सोडा. सोमवारी ऑर्से संग्रहालय बंद, मंगळवारी ज्यार्दँ दे प्लाँत या उद्यानातली काचघरं बंद. गुरुवार उत्तम, कारण त्या दिवशी ऑर्से रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. उद्यानाजवळच्या ऑस्टर्लिट्झ स्टेशनावरून ऑर्सेला आरईआर सी ही लोकल थेट नेते, मध्ये एकच स्टेशन.

क्रम उलटा करू नका. जकात नाक्यावरची नोकरी 1893 मध्ये, वयाच्या 49व्या वर्षी सोडणारा हा माणूस कुठल्या कलाशाळेत शिकला नाही आणि फ्रान्सबाहेरही कधी पडला नाही. फौजेबरोबर मेक्सिकोला गेल्याच्या कहाण्या खोट्या. त्याचं जंगल जमलं ते याच उद्यानातली झाडं, तिथली पेंढा भरलेली जनावरं आणि प्राण्यांच्या छापील चित्रांवरून.

बागेत फिरणं फुकट, काचघरांना तिकीट. सर्वांत मोठं, दमट काचघर 1930च्या दशकातलं आहे, रूसो तर 1910 मध्येच गेला. त्याच्या काळी उभी होती ती 1830च्या दशकातली लोखंड-काचेची काचघरांची जोडी. पण तिथली लागवडही आता बदलली आहे, तेव्हा चित्रातलं झाड शोधत बसू नका. थंडीत कॅमेऱ्याच्या भिंगावर वाफ धरते; आत गेल्यावर दहा मिनिटं तो पिशवीतच राहू द्या.

कोकणातून आलेल्याला इथे तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखं वाटेल. केळ, अळू, कर्दळ यांचं आपल्याला काय अप्रूप? बघायचं ते वेगळंच: प्रत्येक पान सुटं, धुतल्यासारखं, किडीनं खाल्लेलं एकही नाही. आपल्या रानात असं पान औषधालाही मिळत नाही. रूसोच्या चित्रात पान तसंच येतं.

ऑर्सेत 'गारुडीण' (1907) गाठा. साधारण 167 बाय 190 सेंटिमीटरचं हे चित्र चित्रकार रोबेर दलोने याच्या आईनं करवून घेतलं. तिच्या भारतप्रवासाच्या गप्पांतून ते सुचलं असं सांगतात. गारुडिणीच्या हातात मात्र पुंगी नाही, आडवी बासरी आहे. चंद्र पाठीमागे, म्हणून ती जवळजवळ काळी. चमकतात ते फक्त डोळे. आधी चार-पाच मीटरवरून बघा, मग दोरीपर्यंत जा. ब्रशचे फटकारे उघडे ठेवणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या दालनांतून आलेल्या डोळ्यांना इथे ते फटकारे जवळजवळ दिसतच नाहीत. गडद पानावर फिकी कड, फिक्यावर गडद, अशी पानं एकमेकांतून कापून काढलेली आहेत. खोली त्यातूनच येते, यथादर्शनातून (पर्स्पेक्टिव्हमधून) नाही. छापील पोस्टकार्डात हे गडद हिरवे एकमेकांत मिसळून काळे होतात, ते घेऊ नका. मोबाइल आपोआप चित्र उजळतो आणि चांदणं नाहीसं होतं. एक्स्पोजर हातानं खाली आणा, फ्लॅश बंद.

'युद्ध' (1894) हेही इथलंच, पण चित्रं बाहेरच्या प्रदर्शनांना जातात. निघण्याआधी वेबसाइटवर बघा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असला तरी आगाऊ नोंदणी लागते आणि गर्दीत चित्रासमोर दोन मिनिटं उभं राहणं मुश्कील. पॅरिसमधल्याच ऑरांजरी संग्रहालयातही रूसो आहे, तिथल्या कायमच्या संग्रहात 'लग्न' आणि 'जुनिएबाबांची गाडी' ही चित्रं आहेत, पण जंगल नाही. वेळ कमी असेल तर ते खुशाल गाळा.